वाकरुळची चाल

सिपोराबाई वाकरुळकरांशी माझी ओळख भांडणानं झाली. २००३ साली आमच्या स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला त्या नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. नाव ऐकून मी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?"

त्यांनी हातातला तिळगूळ टेबलावर ठेवला. "वाकरुळकर ऐकू आलं नाही वाटतं. वाकरुळ, पेण तालुका. आम्ही ज्यू. गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

मी नागपूरची, तीसेक वर्षं अमेरिकेत डॉक्टरकी केलेली. मला शनवार तेलीही माहीत नव्हतं. मग घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले बेने इस्राएल कोण, हे त्यांनी मला तिथेच, उभ्याउभ्या, रागारागानं समजावलं. गोड बोलायचा दिवस होता, पण तिळगूळ काही त्यांनी परत उचलला नाही.

मला भांडखोर माणसं आवडतात, कारण मी स्वतः तशीच आहे. शिवाय त्या आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायला आल्या होत्या. लेक युनिव्हर्सिटीत रिसर्च करत होती, तिनं आईवडिलांना आणलं होतं. पुढे लेक नोकरीसाठी सांता क्लाराला गेली आणि हे दोघं इथेच राहिले. नवरा एझ्राभाऊ, पोस्टातून रिटायर झालेला, दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस. बाकीचं बोलणं बाई बघून घेत.

त्यांच्या धर्माचं आमच्या गावात फारसं काही नव्हतं. चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, झल्मन नावाच्या रब्बायचं, म्हणजे कर्मठ हसिदी पंथाच्या ज्यू धर्मगुरूचं, घर. लांब दाढी, काळा कोट, सहा लहान मुलं. शनिवारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर विद्यार्थी जमत, दुपारच्या प्रार्थनेनंतर जेवत आणि अंधार पडेपर्यंत गात. गाण्यांना शब्द नसत. नुसतं 'याम् बाम् बाम्', डोळे मिटून, टेबलावर मुठी आपटत. याला ते निगुन म्हणतात. शब्द संपले की जे उरतं ते देवापर्यंत जातं, असं झल्मननं मला समजावलं होतं. मला ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मीही अधूनमधून जायची. सिपोराबाईंना मात्र पहिल्या दिवसापासून ते पटलं नाही.

पहिल्याच दिवशी टेबलावर कुणीतरी विचारलं, तुमचं घराणं ज्यू कधी झालं? बाई म्हणाल्या, "तुमच्या गावात ज्यू पोचायच्या आधी आम्ही तेल काढत होतो." वर निगुन सुरू झाल्यावर त्यांनीही मोठ्यानं सूर लावला. बाईंच्या लोकांत मलिदा नावाचा विधी असतो. गोड पोहे, फळं, एलियाहू पैगंबराचं नाव, आणि त्यात बायका पुरुषांच्या बरोबरीनं गातात. इथे पुरुषांनी गाणं थांबवलं. झल्मन खोकला. त्याची बायको फ्रेडा हिनं बाईंच्या हातावर हात ठेवून हळूच सांगितलं, की परक्या बाईचं गाणं पुरुषांनी ऐकायचं नसतं, तसा आमच्यात नियम आहे.

घरी येताना बाई म्हणाल्या, "माझी आई पंचक्रोशीत गायची. तिला कुणी गप्प केलं नाही. यांच्या बापाचं काय जातं?"

तरीही त्या जात राहिल्या. कारण एझ्राभाऊंची किडनी गेली होती, आणि त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी कद्दीश नावाची प्रार्थना असते, तिला दहा पुरुष लागतात. बायका मोजत नाहीत. नऊ पुरुष आणि शंभर बायका असल्या, तरी नाही. आमच्या गावात दहा ज्यू पुरुष न बोलावता जमत ते फक्त झल्मनच्या टेबलावर. बाईंनी तोंड मिटलं ते त्या दहा माणसांसाठी.

गाणं मात्र स्वयंपाकघरातून बाहेर पडलं. शुक्रवारी त्या फ्रेडाला पाव मळायला मदत करत. तिथे पुरुष नसत, म्हणून गायला बंदी नव्हती. बाई आईचं एक गाणं म्हणत, पोहे भिजवताना म्हणायचं:

योसेफ गेला परक्या देशी,
बाप बसला उंबऱ्यापाशी.

अशी सुरुवात, चार-चार ओळींची सात कडवी. चाल साधी, पण तिसऱ्या ओळीला ती अशी काही खाली उतरायची की माझ्यासारख्या कोरड्या बाईलाही गलबलून यायचं. फ्रेडानं ती उचलली आणि तान्ह्या पोराला झोपवताना गुणगुणू लागली. मुलांनी ती आईकडून घेतली, बापानं मुलांकडून. २००४च्या हिवाळ्यात एका शनिवारी झल्मननं डोळे मिटून तीच चाल टेबलावर सुरू केली. याम् बाम् बाम्. एझ्राभाऊंनी चमचा खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य त्यांनी घरी जाताना म्हटलं, "अगं, ही तर वाकरुळची चाल."

इथवरही ठीक होतं. चाल कुणाच्या बापाची नसते म्हणतात. पण पुढच्या वसंतात फ्रेडाचे वडील हर्शल ब्रुकलिनहून आले. ऐंशीच्या पुढचे, पोलंडमधल्या एका खेड्यातले. युद्धात त्यांचं अख्खं घर मारलं गेलं, हे एकटे उरले. त्यांनी ती चाल ऐकली आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून रडले. म्हणाले, ही माझ्या वडिलांची चाल आहे, आमच्या गावची, साठ वर्षांनी ऐकली. झालं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं हर्शलच्या गावचा निगुन. ते कॅसेटवर घेतलं गेलं, ब्रुकलिनला गेलं. आयत्या बिळावर नागोबा!

बाई स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग. फ्रेडाला सगळं ठाऊक होतं. ती पांढरी पडली होती.

"प्लीज," ती म्हणाली, "त्यांना सांगू नका. तुमच्याकडे शब्द आहेत. त्यांच्याकडे तेवढंच आहे."

"आणि माझी आई?" बाईंनी विचारलं.

फ्रेडा ताटं एकात एक रचू लागली. मला तर तिथल्या तिथे बाहेर जाऊन म्हाताऱ्याला ऐकवायचं होतं. बाईंनी माझा दंड धरला. "दहा माणसं लागणार आहेत, मालिनीताई," त्या म्हणाल्या.

एझ्राभाऊ डिसेंबर २००५ मध्ये गेले. जायच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलमध्ये त्यांनी बायकोकडे दोन गोष्टी मागितल्या, मी तिथेच होते. "वर्षाच्या दिवशी दहा जण जमव, कद्दीश होऊ दे. आणि त्याच टेबलावर तुझ्या आईचं गाणं म्हण. शब्दांसकट." बाईंनी दोन्हीला हो म्हटलं. मरणाऱ्याला कोण नाही म्हणतं!

त्यांच्या तिथीप्रमाणे वर्षाचा दिवस पुढच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी संध्याकाळी सुरू होत होता. लेकीला सुट्टी मिळाली नव्हती. गाव रिकामं, विद्यार्थी घरी गेलेले. बाई आठवडाभर आधी झल्मनकडे गेल्या. म्हणाल्या, मी गात नाही. फक्त निगुनच्या आधी एवढंच सांगा की ही चाल वाकरुळच्या हन्नाबाईची आहे, एझ्राच्या सासूची. झल्मननं दाढी कुरवाळली. एझ्राचं नाव जरूर घेतो, म्हणाला. पण सासरे आले आहेत, गावाचा विषय कशाला?

"ठीक," बाई म्हणाल्या. त्यांचं 'ठीक' मला चांगलं माहीत होतं.

शनिवारी चार वाजता टेबलाशी बरोबर दहा पुरुष होते. झल्मन, हर्शल, पाच विद्यार्थी ज्यांना विमानाचं तिकीट परवडलं नव्हतं, दोन प्रोफेसर आणि एक दाताचा डॉक्टर. मी दोनदा मोजले. टेबलाच्या खालच्या टोकाला फ्रेडा, बाई आणि मी. बाहेर उजेड कमी होत चालला होता. अंधार पडला की संध्याकाळची प्रार्थना आणि तिच्यात कद्दीश. ती झल्मन म्हणणार होता.

झल्मन म्हणाला, "आज हा निगुन एझ्राच्या आठवणीसाठी. माझ्या सासऱ्यांच्या गावचा निगुन."

याम् बाम् बाम् सुरू झालं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, गालावर पाणी. चाल तिसऱ्या ओळीला खाली उतरली आणि बाई उठून उभ्या राहिल्या. चौसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज इतका चढेल असं मला वाटलं नव्हतं.

"योसेफ गेला परक्या देशी..."

मुठी थांबल्या. झल्मन उठला, कुणाकडेही न बघता ओसरीवर गेला. विद्यार्थी एकमेकांकडे बघत त्याच्यामागून गेले, दाताचा डॉक्टरही गेला. प्रोफेसरांना या नियमाशी घेणंदेणं नव्हतं, ते मान खाली घालून बसून राहिले. फ्रेडा नुसती "नो, नो" म्हणत होती. बाई सातही कडवी गायल्या. एक शब्द गिळला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? माझे हात टाळ्या वाजवायला शिवशिवत होते.

हर्शल मात्र जागेवरून हलले नव्हते. बाईंच्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे कुणाचं?"

"माझ्या आईचं," बाई म्हणाल्या. "ती पोहे भिजवताना म्हणायची. तुमच्या मुलीनं माझ्याकडून उचललं, या स्वयंपाकघरात. तिला विचारा."

म्हाताऱ्यानं फ्रेडाकडे पाहिलं. फ्रेडानं खाली पाहिलं. तेवढं पुरलं. मग बराच वेळ ते टेबलक्लॉथची सुरकुती बोटानं सारखी करत राहिले.

बाहेर अंधार पडला होता. झल्मन सगळ्यांना घेऊन आत आला. बाईंशी एक शब्द बोलला नाही, पण प्रार्थनेची पुस्तकं वाटायला लागला. मला त्याचं तेवढं कौतुक वाटलं. बाईंनी पर्समधून एझ्राभाऊंच्या नावाची चिठ्ठी काढून त्याच्यासमोर ठेवली. तेव्हा हर्शल उठले, खुंटीवरचा कोट घेतला आणि दार उघडून निघून गेले.

"पप्पा!" फ्रेडा ओरडली.

रस्त्यापलीकडे बसस्टॉप आहे. म्हातारा तिथल्या बाकावर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून. झल्मन धावत गेला, हात जोडल्यासारखे करून काहीतरी बोलला. फ्रेडाही गेली. म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. परत येऊन झल्मन म्हणाला, "ते येत नाहीत. म्हणतात, माझ्या वडिलांचं इथे काही उरलं नाही, मग मी कुणासाठी उभा राहू?"

शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुटला तसं झल्मननं फोन लावले. कुणी न्यू जर्सीला, कुणी ओहायोला. आत नऊ पुरुष. दहावा खिडकीतून दिसत होता, दिव्याखाली, चाळीस पावलांवर. तासाभरानं प्रोफेसर कोट चढवून गेले. विद्यार्थ्यांनी पुस्तकं मिटली. झल्मननं प्रार्थना कद्दीशशिवाय संपवली आणि नावाची चिठ्ठी बाईंना दोन्ही हातांनी परत दिली.

आम्ही बाहेर पडलो. बाकाजवळून जाताना बाई थांबल्या. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे. मी त्यांना ओढतच पुढे नेलं.

"बघितलंत?" मी कोपऱ्यावर फुटलेच. "एका माणसाचा वर्षाचा दिवस घालवला. मुद्दाम गेला थेरडा!"

सिपोराबाई चिठ्ठीची घडी घालत होत्या. लहान, आणखी लहान.

"हो," त्या म्हणाल्या. "तो बसलेला होता तोवर दहा होते, हे मलाही ठाऊक होतं. मीही गाणं मुद्दामच म्हटलं."