आमचा शब्द शे

धुळ्याहून दिगूचा फोन आला की मी भांडायच्या तयारीनेच उचलायचे. त्या दुपारीही नाव त्याचंच दिसलं, म्हणून म्हटलं, "बोला, आज कोणता शब्द?" पलीकडे त्याची आई, आमच्या अक्का होत्या. "बेटा… आपला दिगू गया," एवढंच म्हणाल्या. हृदयविकाराचा झटका. महिना होत आला, पण फोन वाजला की अजून माझ्या मनात भांडण जुळायला लागतं.

जळगावच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात. पुढे तो धुळ्यात वेबसाइटची कामं करू लागला, मी जळगावातच, मेहरूणला राहून मराठी शिकवत राहिले. खानदेशातल्या कुणालाही घरबसल्या लिहिता यावं म्हणून त्याने 'ओटा' नावाची ब्लॉगची साइट उभी केली. तिच्या पहिल्या लेखिका अक्काच. लग्नातली रुसणी-फुगणी, कळण्याची भाकरी, शेजारणींची भांडणं… सगळं अहिराणीत, एका बोटाने टाइप केलेलं. लोक वाट बघायचे.

मग लिहिणाऱ्यांनीच शुद्धलेखन तपासणी मागितली. दिगूने हौसेने प्रमाण मराठीचा तयार शब्दसंग्रह आणून जोडला. अक्का लिहायला बसल्या तर ओळीच्या ओळी लाल! लाल रेघ फक्त गुरुजी मारतात, हे त्या शाळेतून शिकून आलेल्या. "बठ्ठंच चुकेल शे का रे भाऊ?" सगळंच चुकलंय का, असं दिगूला विचारून त्यांनी लिहिलेलं पुसून टाकलं. दिगूने विनवण्या केल्या. "माले लिखता येत नही," म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी म्हटलं, काढून टाक ती तपासणी. पण ऐकेल तो दिगू कसला! "काढली तर रेघ खरी होती असंच तिला वाटेल. तपासणी राहील, पण तपासणीला आपली बोली यायला हवी." त्याने हट्टच धरला. शब्दांसाठी तो गावोगाव फिरला, हिवाळ्यात तर भरीत पार्ट्यांना हटकून जायचा. कुणी लिहून आणलेला शब्द घ्यायचा नाही, बोलण्याच्या ओघात आलेलाच घ्यायचा, हा त्याचा नियम. भाजलेली वांगी सोलताना माणसं मोकळी बोलतात, असं त्याचं म्हणणं. ती बोलायची, हा तेलकट बोटांनी टाइप करायचा. माझ्या आजोळची, मुक्ताईनगरकडची बोली वेगळी. तिच्यावरून मी तावातावाने भांडले तेव्हा मला गाडीत घालून माझ्या मावशीकडेच घेऊन गेला आणि दिवसभर तिचं ऐकत बसला. "दोन्ही राहतील," परतताना म्हणाला. "ओटा काय कुणाच्या बापाचा आहे?"

शेवटी त्याने लाल रेघेखाली एक बटण ठेवलं : 'आमचा शब्द शे', म्हणजे आमचा शब्द आहे. ते दाबलं की रेघ जायची आणि तो शब्द सगळ्यांसाठी साठवला जायचा. लोक नव्याने लिहू लागले. अक्का मात्र नाही. मी चिडवलं की तो शांतपणे म्हणायचा, "लिखी ती, एक दिवस. थांब." त्याच्या हयातीत मात्र त्यांनी अक्षर लिहिलं नाही, याचा मला आजही राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी अक्कांजवळ थांबले. त्याचा लॅपटॉप तसाच टेबलावर होता, बटणांवर भरताच्या तेलाचे डाग. "लाव ते," अक्का म्हणाल्या. मी 'ओटा' उघडून दिला. एका बोटाने, अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं : "मना आंडोर…" मी शब्दांखाली बघत होते. रेघ आली नाही. मुलाबद्दलची पूर्ण ओळ झाली, दुसरी झाली, पडदा स्वच्छ. मग त्यांनी त्याला लहानपणी हाक मारायचं नाव लिहिलं : दिगुल्या. त्याखाली मात्र लाल रेघ उमटली.

बटण दाबायला माझा हात पुढे झाला. अक्कांनी तो बाजूला सारला.

"आमचा शब्द शे," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि स्वतः बटण दाबलं. रेघ गेली. डोळे पुसून त्या पुढचं अक्षर शोधू लागल्या.