नव्या खुब्याचे पथ्य

आमच्या भजनी मंडळात जितके अभंग साठले, त्याहून अधिक किस्से साठले आहेत. अभंग निदान गाऊन मोकळे होता येते. किस्से दुखऱ्या सांध्यासारखे अंगातच मुक्काम करतात! माझा उजवा खुबा बदलल्यापासून तर त्यांना ऊत आला आहे.

वाशीमच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावले, “काका, मांडी घालायची नाही, खाली बसायचे नाही, कमरेत वाकायचे नाही. नव्या खुब्याचा गोळा वाटीतून निसटला, तर पुन्हा ऑपरेशन टेबलावर याल!”

सोबत मंडळाचा चिटणीस सुधाकर होता. त्याने हात जोडून विचारले, “साहेब, पन देवापुढं तं वाकता येईन ना?”

*

मानोऱ्याला परतल्यावर पहिल्याच एकादशीला मी देवळात खुर्ची मागितली. कुजबुज सुरू झाली.

“देव खाली अन् तुमी वर? बरं दिसते काय, काका?” सुधाकर म्हणाला.

अखेर खुर्ची मिळाली. दाराबाहेर, चपलांपाशी! आयुष्यभर ज्या हातांनी वीणा धरली, त्या हातांत येणारे-जाणारे छत्र्या देऊ लागले.

*

महाप्रसादाच्या पंगतीत मात्र माझा मान राखण्याचे ठरले. इतरांना सतरंजी, मला पाट, भोवती रांगोळी. पाट जमिनीपासून जेमतेम चार बोटे उंच!

“डॉक्टरनं खाली बसाले मना केलं ना? म्हणून तं पाट देल्ला!” सुधाकर म्हणाला.

मी उभ्यानेच जेवलो. काका गर्विष्ठ झाले, असे गावभर झाले.

*

एके सकाळी सुधाकर समजूत घालायला घरी आला. “देह नाशवंत हाय, असं तुमीच सांगत होते ना, काका? मंग एका हाडाले एवढं कायले जपता?”

मी काठी तेवढी घट्ट धरली.

*

परवा सप्ताहाला कीर्तनकार महाराज आले. दर्शनाच्या रांगेत मी ताठ उभा राहून हात जोडले.

“वाका ना, काका! महाराज समोर उभे हायेत!” म्हणत सुधाकरने प्रेमाने माझ्या मानेवर हात ठेवला आणि दाबला.

आत खटकन वाजले. “पांडुरंगा!” अशी आरोळी ठोकून मी कोसळलो.

मृदंगावर तत्काळ थाप पडली. टाळ घुमू लागले. मी किंचाळत होतो, मंडळी नाचत होती! डोळे भरून आलेल्या सुधाकरने माझा आत वळलेला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला.

“पाय सोड, सुधाकर!”

“नाही सोडत, काका! आज मेलो तरी नाही सोडत!”