पदर टोचतो म्हणजे टोचतो

विजयश्री कदमला डाव्या खांद्यावर पदर घेता येईना, तेव्हा ऑपरेशनला आठ महिने होऊन गेले होते. डावा स्तन काढला होता, काखेतल्या गाठी काढल्या होत्या, केमो संपली होती, डोक्यावर केस परत आले होते. जखम इतकी छान भरली की मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवली. आणि तरी साध्या सुती साडीचा पदर छातीवरून गेला की तापलेला तवा टेकवल्यासारखं व्हायचं. दंडाची आतली बाजू बधिर होती. चिमटा काढला तरी कळायचं नाही, पण पंख्याचा वारा लागला की आग. त्याहून विचित्र म्हणजे, जो स्तन अंगावर उरलाच नव्हता, त्याला खाज सुटायची. हे मात्र तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील.

ती मूळची लातूरकडची, औशाजवळची. लग्न होऊन थेरगावला आली. चौदा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे तपासत होती. समोर उभा फळा, त्यावर जुडगा ताणून लावायचा, हात वर करून एकेक जोड चाचपायचा. आजारपणानंतर कामावर आली आणि पहिल्याच आठवड्यात डावा हात दोनदा मध्येच खाली आला. लाइन थांबली. तिसऱ्या वेळी एचआरमधून बोलावणं आलं.

तिथला अजिंक्य तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. बोलायला गोड.

“ताई, तुमचा रिपोर्ट तर क्लिअर आहे. मग दुखतं कुठून? टेन्शन घेता तुम्ही. हे मनाचं असतं.” असं म्हणून त्यानं एक कागद पुढे सरकवला. तब्येतीच्या कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा.

विजयश्रीनं तो पूर्ण वाचला. “दुखणं खोटं असेल तर राजीनामा कशाला देऊ? आणि खरं असेल तर मनाचं कसं?”

तिनं कागद उलटा करून त्याच्याकडे ढकलला आणि परत लाइनवर जाऊन उभी राहिली.

“दे ना सोडून,” घरी नवरा ज्योतीराम म्हणाला. तो रिक्षा चालवायचा. “मी कमावतोय की.”

“तुमच्यासाठी जात नाही मी कामाला.” रागावली की तिच्या तोंडी गावाकडची बोली यायची. “दुखू लालंय मला. खरं दुखू लालंय. आधी ते कबूल करा, मग सल्ला द्या.”

दुसऱ्या दिवशी रिक्षा बंद ठेवून ज्योतीराम तिला पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं फक्त जुन्या दुखण्यांसाठी वेगळा विभाग होता. तपासायला तनुजा नावाच्या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी डोळे मिटायला सांगून कापसानं हळूच छातीला स्पर्श केला आणि विचारलं, “काय वाटलं?”

“चटका.”

“आणि काढलेल्या जागी खाज येते का?”

विजयश्री दचकली. मग तिला रडूच फुटलं. हे विचारणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

तनुजाताईंनी सावकाश समजावलं. काखेतल्या गाठी काढताना बारीक नसा कापल्या जातात, ताणल्या जातात. जखमी नसा उगाचच निरोप पाठवत राहतात. ते ऐकून ऐकून मेंदू धास्तावतो, आवाज वाढवून ऐकायला लागतो. मग साधा कापडाचा स्पर्शही त्याला भाजल्यासारखा ऐकू येतो. शिवाय मेंदूत अख्ख्या अंगाचा नकाशा असतो. ऑपरेशननं स्तन गेला, पण नकाशावरची त्याची जागा लगेच पुसली जात नाही.

“म्हणजे डोक्यातच आहे ना?” विजयश्रीनं कडवटपणे विचारलं.

“बोट दारात चेमटलं तरी दुखणं डोक्यातच तयार होतं, ताई. म्हणून ते खोटं असतं का?”

तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तनुजाताईंनी घरचा अभ्यास दिला. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं, आधी उजव्या बाजूला, मग डाव्या बाजूला कापूस फिरवायचा. डोळे उघडे ठेवून, बघत. कापूस सोसला की मलमल, मग पंचा, मग खरखरीत टॉवेल. हा स्पर्श आहे, हल्ला नाही, हे मेंदूला पुन्हा शिकवायचं.

ऐकायला सोपं. मलमलीवरच सात आठवडे गेले. गोळ्यांनी दिवसा झापड यायची. एकदा पंचा तिनं खिडकीबाहेर भिरकावला. खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंनी तो काही न विचारता वर आणून दिला. आरशासमोर उभी राहून ती छातीवरच्या व्रणाला खडसावायची, “नुसतं कापड आहे हे. कशाला बोंबलतोस?”

मध्यंतरी तिनं दवाखान्याचं पत्र नेऊन अजिंक्यच्या टेबलावर ठेवलं. पत्रात नसांच्या दुखण्याचं नाव होतं, बसून काम देण्याची शिफारस होती. कंपनीनं सहा महिने टेबलावर बसून करायचं काम दिलं. सातव्या महिन्यात ती स्वतःहून उभ्या फळ्यावर परतली. दुखणं गेलं नव्हतं. दहात आठ होतं, ते चारवर आलं होतं. थंडीत पाचवर जायचं.

त्या वर्षी महिला दिनाला कंपनीनं तिला स्टेजवर बोलावलं. “कॅन्सरवर मात केलेल्या आपल्या विजयश्रीताई,” अजिंक्यनं माइकवर ओळख करून दिली आणि हळूच सांगितलं, “पॉझिटिव्ह बोला हं, ताई.”

विजयश्रीनं माइक हातात घेतला.

“मात-बित काही नाही. मला रोज दुखतं. आत्ताही दुखतंय. रिपोर्ट क्लिअर असला तरी दुखतं, आणि त्यावर इलाज असतो, गोळ्या असतात, रोज साधा कापूस फिरवायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. कुणी मनाचं आहे म्हणालं, तर सही करू नका.”

टाळ्या जरा उशिरानं वाजल्या. नोटीस बोर्डावर तिचा फोटो काही लागला नाही. पण त्याच आठवड्यात रंगकामाच्या विभागातली गोजाबाई जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी येऊन बसली. इकडेतिकडे बघत तिनं विचारलं, “ताई, माजंबी आपरेशन होऊन दोन वर्सं झाली. त्यो कापूस कसा फिरवायचा म्हनलात?”

विजयश्रीनं डबा बाजूला सारला आणि बाही वर केली.