पत्रूभाऊचं तीन मिनिटांचं भाषन

पत्रूभाऊले मी सव्वीस वर्सं पेटीवर साथ केली. झाडीपट्टीच्या नाटकात तो विनोदी नट, मी पेटीवाला मंगरू. आरमोरीपासून सिंदेवाहीपर्यंत कोनालेबी विचारा, पत्रू नुसता स्टेजवर आला तरी बाया तोंडात पदर कोंबत. तोच पत्रू आता माह्या ओसरीत भिताडाले टेकून बसते आनी चार चार घंटे बोलत नाई. मले त्याचा राग येते. त्याच्यापेक्षा जास्त माहाच येते, कारन त्या भाषनाचा कागद मी वाचला होता आनी "झकास!" मीच म्हनलो होतो.

त्याची एकुलती एक लेक दिव्यानी भामरागडकडं देली हाये. जावई आश्रमशाळेत स्वयंपाकी. गावाच्या अलीकडं मोठा नाला हाये. तीन वर्सांपासून नाल्यात पुलाचे खांब उभे, वर काईच नाई. दोन पावसाळ्यांआधी दिव्यानीले कळा सुरू झाल्या तं लोकायनं तिले खाटेवर बांधलं, चौघांनी खाट खांद्यावर घेतली आनी पान्यात उतरले. मधातच बाळ झालं. या काठाले आनलं तेव्हा ते थंड पडलं होतं. यंदा तिले पुन्हा दिवस गेले, तारीख श्रावनातली. बाळंतपनाले तिले माहेरी आनाचं ठरलं होतं, तरीबी पत्रूले एकच ध्यास लागला, पावसाआधी त्या खांबांवर निदान पायी जान्यापुरता लोखंडी पूल पडला पाह्यजे.

मार्चात आमदाराचा मानूस श्रीहरी आला. "भाऊ, साहेबाले अधिवेशनात तीन मिनिटं भेटून राह्यली. मस्त लिहून द्या. आजकाल सभागृहात पिक्चरचा डायलॉग, शेर, एखादी नक्कल नसली तं टीव्हीवाले ढुंकून पाहत नाई. सुतकी भाषनं कोन ऐकते?"

"लिहतो. पन मागनी पुलाची."

"तुमच्याच पुलाची, भाऊ!"

आमच्या नाटकाचा कायदा हाये. आधी पोट धरधरून हासवाचं, मंग शेवटच्या वाक्याले रडवाचं. प्रेक्षक हासून ढिला पडला का घाव बरोबर आत जाते. लोकं हासत असले तं नट थांबते, त्याले कोनी घाई करत नाई, उलट "वन्समोर" येते. पत्रूनं तसंच लिहलं. अध्यक्ष महोदय, आमच्या भागात सरकारनं नवी ॲम्ब्युलन्स देली हाये. नाव खाट, चार पाय, डिझेल लागत नाई, पंक्चर होत नाई, ब्रेक मारला का पेशंट पुढं आनी गाडी मागं. वरून पिक्चरच्या हिरोची नक्कल. आनी एकदम शेवटी, "त्या खाटेवर एक बाई होती. तिचं बाळ नाल्यातच मेलं. पावसाआधी पूल द्या."

भाषनाच्या दिवशी आमी चौकातल्या विक्कीच्या चहाटपरीवर मोबाईल लावून बसलो. आमदार बोलला, खोटं काऊन सांगू, झकास बोलला. पहिल्याच वाक्याले हशा. बाकं वाजले. विरोधी पक्षाचेबी डोळे पुसून राह्यले. पत्रूनं माहा हात गच्च धरला. "मंगरू, पडते लेका पूल!" दर हशाले आमदार थांबे, पत्रूनं कागदावर लिहून देलं होतं तसाच. मंग घंटी वाजली. वेळ संपली, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. आनी तो हासत हासत बसला बाप्पा! शेवटचं वाक्य कागदावरच राह्यलं. मंत्री उठले, म्हने अशा दोन गाड्या आमच्या खात्यालेबी द्या, डिझेल वाचेल. पुन्हा हशा. मंग पुढचा सदस्य बोलाले लागला.

विक्कीबी हासून राह्यला होता. मी त्याच्यावर खेकसलो. त्याले बिचाऱ्याले काय ठाऊक? ज्याचं जळते त्याले कळते.

तो व्हिडिओ घरोघरी गेला, कोनाच्या तरी मोबाईलातून दिव्यानीच्या गावातबी पोचला. आमदाराचे सत्कार झाले. पत्रूचं मात्र हात दाखवून अवलक्षन म्हंतेत ते झालं. चवथ्या दिवशी दिव्यानीचा फोन आला. तिच्या गावात रेंज नाई, फोनासाठी टेकडी चढा लागते. पोटुशी बाई टेकडी चढली. पत्रूनं स्पीकर लावला म्हनून मीबी ऐकलं.

"बाबा, ते तुमीच लिहलं ना? तुमची बोली मले समजते. माहं बाळ मेलं त्यावर एवढे लोकं हासले."

"पोरी, शेवटी एक वाक्य होतं..."

"मी बाळंतपनाले तुमच्या घरी येत नाई."

जेठात आमी दोघं तिले आनाले गेलो. जावयानं पानी देलं आनी मान खाली घातली. म्हने, मी लई समजावलं. ती बाहेर आलीच नाई. पत्रू उंबऱ्यावर बसून लेकरावानी रडला. "पोरी, शिव्या दे, मार मले, पन चाल." सांजच्या आधी नाला पार करा लागते म्हनून मीच त्याले उठवलं.

मंग पाऊस लागला. आज अकरा दिवस झाले, रस्ता बंद, फोन लागत नाई. तिकडून एक मानूस आला नाई.

आनी काल श्रीहरी आला, पेढ्याचा डबा घेऊन! "भाऊ, पावसाळी अधिवेशन हाये. मागच्यापेक्षा कडक पाह्यजे."

मी त्याची गचांडी धरालेच उठलो होतो. पत्रूनं मले खाली बसवलं, पेन मागतला आनी मांडीवर कागद ठेवून लिहलं, "माही लेक नाल्याच्या त्या पार हाये. तिले आठवा लागला. पूल द्या."

श्रीहरीनं वाचलं. कागद पलटून मागची बाजूबी पाह्यली.

"भाऊ," तो म्हने, "आनी हासाचं कुठी हाये?"