दुसऱ्या कुळीची बुरशी

"आगं, बुरशी काय कुळी बघून चिकटती व्हय? बुरशी ती बुरशी!"

"बघते, मावशी. तेच तर सांगायला आलेय."

झुम्रानं कॉफीचं भांडं चुलीवरनं उतरवलं आणि पोरीला ऊन लागलंय का काय, अशा नजरेनं सेन्काकडं बघितलं. सेन्का सारायेवोच्या प्रयोगशाळेतली. वसंतात येऊन तिनं खोऱ्यातल्या चेस्टनटच्या रोगट साली खरवडून नेल्या होत्या. आता ऑगस्ट सरत आला होता आणि तिच्या हातात निकाल होता.

खोऱ्यातली जवळजवळ सगळी बुरशी एकाच कुळीची निघाली होती. हे बरंच होतं. शहरात त्याच कुळीची बुरशी आजारी पाडून तिचा लेप केला होता. झाडाच्या जखमेभोवती भोकं पाडून तो भरला, की आजारी बुरशी आपलं दुखणं भावकीतल्या बुरशीला देते, ती मलूल पडते आणि झाड साल भरून काढतं. पण हे दुखणं भावकीबाहेर जवळपास जातच नाही. परकी कुळी ते शिवून घेत नाही.

झुम्राच्या परड्यातल्या तीन झाडांवर परकी कुळी होती.

"दोन कुळ्यांची सोयरीक झाली तर नव्या कुळ्या जन्माला येतील," सेन्का म्हणाली. "मग आमचा लेप कुणालाच लागू पडणार नाही. सगळं खोरं जाईल. म्हणून विचारते, या झाडांवर कलम केलेली काडी कुठली?"

"हितलीच. माझ्या बापाच्या झाडाची."

ते खोटं होतं. सहा वर्षांमागं झुम्रा लेकीकडं ऑस्ट्रियात ग्रात्सला गेली होती. तिथल्या एका बागेत अंड्याएवढी फळं बघितली आणि तिनं गपचूप काड्या मोडल्या. ओल्या मोज्यात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी घालून सीमेपार आणल्या. आपल्या तीन झाडांवर बांधून उरल्या त्या गावात बांधल्या. फळ धरल्यावर लोक म्हणाले, झुम्राच्या हाताला गुण आहे. चाळीस वर्षं ती या खोऱ्यात कलमं करत होती. दुसरं कुणी बोलावतच नसत. काडी ऑस्ट्रियाची आणि रोगही तिच्याबरोबरच आला हे कळल्यावर तिला कोण दारात उभं करणार होतं?

सेन्कानं जोर केला नाही. "उद्यापासून लेप भरायला घेते," एवढंच म्हणाली. "दोन वर्षांत कळेलच."

झुम्रानं कॉफी ओतली. पेला सेन्कापुढं सरकवला.

"वही काढ," मग ती म्हणाली.

सहा वर्षांमागच्या वसंतात काड्या बांधत ज्या वाटेनं फिरली त्याच वाटेनं तिनं घरं सांगितली. नऊ घरं.

"दोन झाडांच्या मधे चाकू पुसायचीस, मावशी?"

"छ्या! चाकू पुसला की कलम रुसतं. ही मातर खरंच माझ्या बापाची शिकवन."

सेन्कानं लिहिणं थांबवलं. म्हणजे काडी जिथं बांधली तेवढीच झाडं नव्हेत. त्या चाकूनं शिवलेली सगळीच तपासायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत झुम्रा दोन मुठींची करवत खांद्यावर टाकून दर्विशच्या दारात उभी राहिली. दर्विश मधमाश्या पाळायचा. त्याचं झाड गावात सगळ्यात भरलेलं.

"काय गं, सकाळच्या पारी करवत?"

"तुझं झाड तोडाया आलीया. रोग हाय त्यावर. म्याच आनला."

"बापाची काडी म्हनलीवतीस की! त्या नावावर दोन बरन्या मध न्हेलास माझ्याकडनं."

"न्हेला. काडी ग्रात्सची हुती."

दर्विश तिच्याकडं बघत राहिला. मग झाडाकडं. हिरव्या काटेरी बोंडांनी फांद्या वाकल्या होत्या.

"म्हैन्यावर फळ आलंय. तवर दम धर की."

"त्या पोरीचा लेप आजपास्नं चाललाय. ही बुरशी त्याला दाद देत न्हाई. म्या दम धरला तर शेजारच्याचं बी जाईल. झाड तोडलं तरी बुंध्याला फुटवा यील."

"त्याच्यावर कलम कोन बांदनार? तू?"

झुम्रानं खांद्यावरची करवत खाली उतरवली.

"बिहाच गावचा मानूस आनीन," दर्विश म्हणाला. "हात धुऊन येनारा."

"आन."

तिनं बुंध्याशी गुडघे टेकले आणि एकटीनंच करवत लावली. पातं वाकडं जात होतं. दर्विशनं थोडा वेळ बघितलं, मग शिवी हासडून समोर बसला आणि दुसरी मूठ धरली.

"माश्यांच्या पेट्यांवर पाडशील माझ्या. तिकडनं वढ!"

झाड पडलं. फांद्यांचा ढीग रचून तिनं पेटवला. ओली बोंडं तडतडली. साल खाक झाल्याचं बघितल्यावर तिनं करवत खांद्यावर घेतली आणि ती पुढच्या घराची चढण चढू लागली.