जबड्यावरचं कुंकू

अण्णाने मला मारलं आणि मी अण्णाला मारलं, ते शर्टाच्या बटणाएवढ्या एका सेलवरून. सख्खे भाऊ एका शेडमध्ये टिकत नाहीत, असं निपाणीकडचे सगळे नातेवाईक सांगून चुकले होते. त्यांचं खरं होऊ द्यायचं नाही, एवढ्या हट्टावर आमचं बंगळूरच्या पीण्यातलं वर्कशॉप चाललं होतं.

दोन जबड्यांनी जाडी आणि भोकं मोजणारा डिजिटल व्हर्नियर बंद केला तरी झोपत नाही. पडदा विझतो, पण जबडा कुठे सरकतोय त्यावर आतून त्याची नजर असते आणि तो गुपचूप सेल खात राहतो. म्हणून मी रोज संध्याकाळी सेल काढून डबीत ठेवायचो. सेल काढला की व्हर्नियर शून्य विसरतो. सकाळी जबडे पुसायचे, मिटवायचे, शून्याचं बटण दाबायचं. मिनिटाचं काम. अण्णाला ते बघवायचं नाही.

"रोज रोज जीव कशाला काढायलास रं त्याचा?" तो म्हणायचा.

"तो रोज सेल गिळतोय, ते चालतंय होय तुला?" मी म्हणायचो. आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर. बोलणं तिथेच संपायचं आणि दिवसभर नुसती मशीन बोलायची.

त्या वर्षी खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, अण्णाने लेथला हार घातला, दारात कोहळा फोडला आणि हत्यारांना हळद-कुंकू लावलं. व्हर्नियरच्या जबड्यांनाही बोट लावलं. सेल मी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, ते कामानेच झिजलं पाहिजे, हा आमच्या वडिलांचा नियम. अण्णा तो देवापेक्षा जास्त पाळायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पितळेच्या सळ्या आणायला यशवंतपूरला गेलो. पंपाच्या बुशांची, म्हणजे आत बसणाऱ्या पितळी कड्यांची, मोठी ऑर्डर होती, संध्याकाळी माल द्यायचा होता. दुपारी परतलो तर अण्णाचा माल संपत आलेला. मी सवयीने व्हर्नियर उचलला, जबडे अंगठ्याने पुसले आणि मिटवले. पडद्यावर शून्य यायला हवं होतं. आलं उणे. केसाच्या जाडीएवढंच, पण उणे. माझा अंगठा लाल झाला होता.

अण्णाने सेल घातला होता, वाळलेल्या कुंकवावरच जबडे मिटवले होते आणि शून्य दाबलं होतं. व्हर्नियर माप तेवढं कमी दाखवत होता, म्हणून सकाळपासून कापलेलं प्रत्येक भोक तेवढं मोठं. लहान राहिलं तर पुन्हा कापता येतं. मोठं झालेलं भोक कोण लहान करणार?

"सगळा माल भंगार," मी म्हणालो आणि बुशांचा ट्रे लाथेने उडवला.

"सेल कुणी काढला होता?"

"कुंकू कुणी लावलं होतं?"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच ते इतकं वाईट झालं. त्याने एक बुश उचलून फेकला, माझी भुवई फुटली. मी पितळेची सळई घेतली आणि त्याच्या खांद्यावर घातली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. डाव्या कानाने ऐकलेला तो शेवटचा आवाज. पुढच्याच क्षणी अण्णाचा उजवा पंजा त्या कानावर बसला. मग त्याने एका हाताने माझा गळा धरून मला लेथवर रेटलं. सळई पकडणारा चक गरगर फिरत होता. त्याचा वारा मला मानेला लागत होता. मी त्याच्या मोडक्या खांद्यात बोटं खुपसली, तो ओरडला, पण गळा सोडेना. मला तो मरायला हवा होता. त्यालाही मी.

पॅकिंग करणाऱ्या वहिनीने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. चक हळूहळू थांबेपर्यंत आम्ही तसेच एकमेकांना धरून उभे होतो.

"आता मारा," ती म्हणाली. "अंधारात तरी मारा, मला दिसायला नको."

नातेवाईक शेडची वाटणी करायला आले. पण वाटून घ्यायचं काय? अण्णाला डावा हात खांद्याच्या वर नेता येईना, मशीनच्या आवाजातला फरक मला ओळखता येईना. दोघांचा मिळून कसाबसा एक कारागीर होत होता. आम्ही राहिलो. माझा राग गेलेला नाही. भुवईवरून हात फिरला की अजून तोंडात शिवी येते.

आता आयुधपूजेला कुंकू व्हर्नियरच्या डबीला लागतं. संध्याकाळी अण्णा स्वतः सेल काढतो आणि माझ्या तळहातावर ठेवतो. एरवी बोलताना तो न विसरता माझ्या उजवीकडे येतो. आयुधपूजेच्या दिवशी मात्र डावीकडे उभा राहतो आणि हळू आवाजात काहीतरी बोलतो. बराच वेळ बोलतो. त्याचा श्वास मला त्या बहिऱ्या कानाला लागतो.

मी अजून एकदाही मान वळवलेली नाही.