पाण्याच्या चिठ्ठीवरची खालची ओळ

तोक्योला शिकायला गेले तेव्हा मी तिथल्या कोतो भागात एका मराठी जोडप्याकडे राहत होते. दादा आमच्या तालुक्याचे, माझ्या शाळेतल्या सरांचे जुने विद्यार्थी. एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी कंपनीने त्यांना तिथे पाठवलं होतं. वहिनी दादरच्या. कंपनीने दिलेलं घर एका जुन्या दुमजली इमारतीत तळमजल्यावर होतं आणि त्यातली एक लहान खोली रिकामी होती. भाडं नको, असं दादांनी सरांना कळवलं होतं. त्याबदल्यात घरी येणारे जपानी कागद मी वाचून दाखवायचे आणि वहिनींबरोबर दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात जायचं. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब होती. ही खोली गेली असती तर शिक्षण अर्धवट टाकून मला परत यावं लागलं असतं. हे कुणी बोलत नसे, पण मला ते रोज आठवत असे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील कोर्टात शिपाई होते. गावात पाणी एक दिवसाआड पाऊण तास यायचं आणि त्या पाऊण तासात घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. एखादी कळशी भरून वाहिली तर आई दिवसभर ते विसरायची नाही. त्यामुळे तोक्योत पहिल्यांदा नळ सोडला आणि गरम पाणी आलं, येतच राहिलं, तेव्हा मी त्याखाली बराच वेळ उभी राहिले. पहिले काही आठवडे रोजच राहिले. मला ते सुख वाटलं आणि थोडी चोरीही वाटली.

तिथे पाण्याचं बिल दोन महिन्यांनी यायचं. मीटर वाचायला येणारी बाई टपालाच्या पेटीत एक लांबट चिठ्ठी टाकून जायची. नोव्हेंबरात तशी चिठ्ठी आली.

"अगं, हे काय आलंय बघ," वहिनी म्हणाल्या.

मी आकडा वाचला. मागच्या वेळच्या जवळजवळ दुप्पट होता.

"अय्या! आपण काय घरात तलाव बांधलाय का? दोघांचे तिघे झालो, तर बिल इतकं वाढतं होय?"

वहिनींनी ते हसतच म्हटलं होतं. पण 'दोघांचे तिघे' एवढंच मला ऐकू आलं.

"माझ्यामुळेच असेल, वहिनी. मी आंघोळीला फार पाणी घेते. चुकलं माझं."

वहिनी म्हणाल्या, "बरं, कबूल केलंस ते बरं झालं. आता पाच मिनिटं. हवं तर एक गाणं म्हण, गाणं संपलं की बाहेर."

चिठ्ठी फाइलमध्ये गेली. आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. वाचता येत नव्हत्या असं नाही, एखादं-दुसरं कठीण कांजी अक्षर सोडलं तर सगळं समजलं असतं. आकडा पाहून मी इतकी घाबरले होते की पुढचं वाचायची इच्छाच उरली नाही.

त्या दिवसापासून मी पाणी वाचवायला लागले. केस विद्यापीठातल्या व्यायामशाळेत धुवायचे. भांडी घासताना नळ धारेवर नाही, थेंबांवर. अंग धुवायला प्लास्टिकची छोटी बादली आणली. तरी संध्याकाळी वहिनी हाक मारायच्या, "गरम पाणी संपलं गं! कोण घेऊन गेलं?" घरात विजेवर चालणारी गरम पाण्याची टाकी होती. ती रात्री तापायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी पुरवायची. पूर्वी पुरायचं, आता पुरत नव्हतं. मी न्हाणीत गेलेलीही नसायची, पण 'मी नाही घेतलं' म्हणायला तोंड उघडत नसे. आधी आपणच कबूल केलेलं. दुसऱ्यांदा कोण विश्वास ठेवणार?

त्या हिवाळ्यात घरात एकच चांगली गोष्ट होती. न्हाणी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात ताटाएवढी जमीन कोमट असायची. बाकी घर असं गार की मोज्यांतून पाय बधिर व्हायचे. ही जागा वहिनींनीच शोधली. थंडीमुळे त्यांचं दही लागत नव्हतं. दुलईत गुंडाळून झालं, भाताच्या कुकरजवळ ठेवून झालं. मग एकदा विरजण लावलेलं पातेलं बोळात ठेवलं आणि सकाळी सुरीने कापावं असं दही लागलं.

"जपानी लोक जमीन गरम करतात, ऐकलंय मी," दादा म्हणाले. "इथेही केलेली असणार थोडी."

"थोडी? दह्यापुरती?" वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही तिघेही हसलो. पुढे ऑफिसातल्या दोन-तीन मराठी घरांत वहिनींचं विरजण जाऊ लागलं. मीही परीक्षेचे शब्द पाठ करताना तिथे उभी राहायची.

जानेवारीत दुसरी चिठ्ठी आली. आकडा आणखी वाढलेला.

"हे आता अति झालं हं," वहिनी म्हणाल्या. "तू तेव्हा म्हणालीस, माझ्यामुळे. मी काही बोलले नाही. पण एका तोंडाने सॉरी म्हणायचं आणि दुसरीकडे नळ सोडून बसायचं?"

"मी नाही सोडत, वहिनी. खरंच. मी केससुद्धा इथे धूत नाही."

"मग आधी का म्हणालीस?"

मला स्वतःचाच राग आला, आणि त्यांचाही. दोन महिने मी अर्ध्या बादलीत कुडकुडत अंग धूत होते ते कुणाला दिसलं नव्हतं. दादांनी पेपरातून डोकं वर काढलं, "जाऊ दे ना," म्हणाले आणि पुन्हा खाली घातलं. 'जाऊ दे' म्हणजे मी अपराधी, पण माफ. तेच मला नको होतं.

मी चिठ्ठी खोलीत नेली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. लिहिलं होतं की वापर नेहमीपेक्षा जास्त आहे, गळती असण्याची शक्यता आहे, सगळे नळ बंद करून मीटर बघावा. मी फाइलमधली नोव्हेंबरची चिठ्ठी काढली. शब्दन् शब्द तोच मजकूर तिच्यावरही होता.

ती चिठ्ठी मी परत फाइलमध्ये ठेवली. नव्या चिठ्ठीबद्दल मात्र वहिनींना लगेच सांगितलं. त्या शाल ओढून माझ्यामागे बाहेर आल्या. मीटर दारासमोर जमिनीत, निळ्या झाकणाखाली होता. आम्ही सगळे नळ बंद करून उकिडव्या बसलो. आकड्यांच्या बाजूला एक चांदीसारखं बारीक चक्र होतं आणि ते हळूहळू फिरत होतं.

"फिरतंय की गं."

"घरात काही चालू आहे का?"

"काही नाही. कपड्यांचं मशीनही बंद आहे."

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जाता जाता आम्हाला वाकून नमस्कार केला. आम्हीही बसल्या बसल्या मान झुकवली. मग मी आत जाऊन गरम पाण्याच्या टाकीचा कॉक बंद केला.

"थांबलं!" बाहेरून वहिनी ओरडल्या. "थांबलं गं थांबलं!"

मी कॉक पुन्हा उघडला. फिरायला लागलं. बंद केला. थांबलं. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तू नव्हतीस," आणि मला तिथेच रडू येईल असं वाटलं. पण आलं नाही, कारण फाइलमधली नोव्हेंबरची चिठ्ठी डोळ्यांसमोर होती.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, मोजे बदलून घरात येणारा, सभ्य माणूस. एक लांब सळई जमिनीला टेकवून तो दुसऱ्या टोकाला कान लावत बोळातून सरकत गेला आणि दह्याच्या पातेल्यापाशी थांबला.

"ओकुसान, हे काय आहे?" त्याने वहिनींना विचारलं. ओकुसान म्हणजे बाईसाहेब.

मी सांगितलं, घरी लावलेलं दही, जागा गरम आहे म्हणून. तो कान सळईवरून काढून इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. जमिनीखालून जाणारी गरम पाण्याची नळी बरोबर तिथे फुटली होती.

"काय म्हणतोय?"

"इथेच गळतंय, वहिनी. पातेल्याखाली."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि मी लोकांना विरजण वाटतेय!"

मग त्याने कागद काढला. दुरुस्तीचा दाखला जोडून अर्ज केला की बिलात थोडी सूट मिळते, असं तो सांगू लागला. शेवटी त्याने मला विचारलं, गळतीची सूचना आधी कधी मिळाली होती का? मिळून दुर्लक्ष झालं असेल तर जुन्या बिलाचं काही होत नाही.

"काय विचारतोय?" वहिनी म्हणाल्या.

वहिनींना जपानी वाचता येत नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर तो तसं लिहून गेला असता आणि मी निर्दोष राहिले असते. नोव्हेंबरात, काही केलेलं नसताना, 'चुकलं माझं' किती सहज म्हटलं होतं. आता खरंच चुकलं होतं, तर जीभ हलत नव्हती.

"तो विचारतोय, आधी सूचना आली होती का," मी म्हटलं. "आली होती, वहिनी. नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर होती. मी फक्त आकडा वाचला. खालचं वाचलंच नाही."

मी वळून त्या माणसाला जपानीतही तेच सांगितलं. त्याने मान हलवली आणि कागदावर जुन्या बिलाच्या रकान्यावर रेघ मारली.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुला आम्ही ठेवलं ते कागद वाचायलाच ना गं?"

"हो."

"मग?"

खोली सोड, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. जेवताना दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि परीक्षा होईपर्यंत तरी कुठे जाणार ती, असं म्हणाले. वहिनींनी माझ्या ताटात पोळी वाढली. मला ओरडा खायचा होता, भांडायचं होतं, पण समोरून कुणी तयारच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी वॉर्ड ऑफिसातल्या जपानीच्या फुकट वर्गात नाव घातलं. एकट्या जाऊन. फॉर्मही त्यांनीच भरला. मार्चच्या सुरुवातीला विजेची चिठ्ठी आली, तेव्हा त्या टेबलाशी बसून एकेक अक्षर बोटाने दाबत मोठ्याने वाचत होत्या. तिसऱ्या शब्दाला चुकल्या. मी शेजारीच भाजी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही, पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मला बरोबर शब्द माहीत होता. पण मला कुणी विचारलं नव्हतं.